कार्यस्थळावरील मनोबल आणि दैनंदिन लहान सवयी : एक विवेचन

प्रस्तावना :
कर्मचाऱ्यांची संख्या सारखी, काम सारखे आणि वेतनश्रेणीही सारखी. तरीही एका विभागातील फाईल दोन दिवसांत पुढे सरकते आणि दुसऱ्या विभागात ती पंधरवडाभर पडून राहते, हा अनुभव सर्वपरिचित आहे. या फरकामागील एक महत्त्वाचे कारण म्हणजे कर्मचाऱ्यांचे मनोबल होय. आपले काम अर्थपूर्ण आहे आणि आपले म्हणणे ऐकले जाते, या विश्वासातून येणारी कार्यतत्परता म्हणजे मनोबल. ते वाढविण्यासाठी संस्था वर्षातून एकदा सत्कार समारंभ वा सहल आयोजित करतात. प्रस्तुत लेखात मात्र रोजच्या लहान सवयींचा विचार केला आहे.

संशोधनाचा आधार :
अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग व्यवस्थापनशास्त्रात प्रसिद्ध आहेत. रिले जोडणाऱ्या महिला कामगारांच्या छोट्या गटाला विश्रांतीच्या सुट्या दिल्या गेल्या, त्यांच्याशी विचारविनिमय केला गेला आणि उत्पादन वाढत गेले. एल्टन मेयो यांनी त्याचे श्रेय मानवी संबंधांना दिले. मात्र गट फारच लहान होता, वेतनपद्धतीही बदलली होती, असे आक्षेप पुढे घेतले गेले. म्हणून हा निष्कर्ष जपूनच वापरावा लागतो.

तेरेसा अमाबिले व स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांतील २३८ कर्मचाऱ्यांच्या सुमारे १२,००० दैनंदिन नोंदी अभ्यासल्या व २०११ मध्ये ग्रंथरूपाने निष्कर्ष मांडले. अर्थपूर्ण कामात थोडीशी का होईना प्रगती झाल्याची जाणीव हा चांगल्या दिवसाचा सर्वांत प्रभावी घटक ठरला.

सवय कशी रुजते? :
लंडनमध्ये ९६ व्यक्तींवर झालेल्या व २०१० मध्ये प्रकाशित अभ्यासात आहार व व्यायामाच्या साध्या सवयी अंगवळणी पडण्याचा मध्यक कालावधी ६६ दिवस आढळला. व्यक्तिपरत्वे तो १८ ते २५४ दिवस होता. एखादा दिवस चुकल्याने विशेष बाधा आली नाही. नवी कृती रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडणे, हे त्यातील सूत्र होते. कार्यालयातही ते उपयोगी पडू शकते :

१. हजेरी नोंदविल्यावर शिपायापासून प्रमुखापर्यंत भेटेल त्याला नावाने अभिवादन करावे.
२. कौतुक नेमके असावे. ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘अर्जातील त्रुटी आपण आधीच दाखविल्यामुळे त्या विद्यार्थ्याचा हेलपाटा वाचला’ असे म्हणावे.
३. चूक एकांतात सांगावी.
४. टेबल आवरताना ‘आज काय पुढे सरकले’ याची एक ओळ वहीत लिहावी.
५. दुपारच्या चहाला तासिका तत्त्वावरील अध्यापक व कंत्राटी कर्मचारी यांनाही आवर्जून बोलवावे.

मर्यादा :
फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडल्यानुसार वेतन, धोरण व पर्यवेक्षण यांतील उणिवा असमाधान निर्माण करतात. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे मानधन महिनोन्महिने रखडले असेल, तर सकाळचा नमस्कार त्याची भरपाई करू शकत नाही. उलट तो उपहास वाटतो. घरभाडे व मुलांची फी ज्याला चुकलेली नाही, त्याच्याकडून निव्वळ हसतमुखतेची अपेक्षा करणे हा अन्यायच होय. येथेही एक लहान सवय मात्र शक्य आहे. प्रमुखाने दर सोमवारी रखडलेल्या देयकाची स्थिती संबंधितांना स्वतःहून सांगावी. काही प्रगती नसेल, तर तसेही सांगावे. त्यामुळे पैसे मिळत नाहीत, पण विचारण्यासाठी दारात ताटकळण्याचा अपमान टळतो.

समारोप :
लहान सवयी न्याय्य वेतनाला पर्याय नाहीत, त्याला पूरक आहेत. त्यांना निधी किंवा परिपत्रक लागत नाही, सातत्य लागते. त्यांचा आरंभ अधिकारपदावरील व्यक्तीने करावा, कारण कार्यालयातील वातावरण बहुधा वरून खाली झिरपते.