मिलिटरी डिस्पोजलचा ट्रक घेताय? इंजिनाआधी कागद बघा

इन्स्टाग्रामवर मिलिटरी ट्रकचं एखादं रील बघितलं की पुढे तसलीच रील्स येत राहतात. हिरवा ट्रक, गुडघाभर चिखल, मागे जोरदार गाणं. खाली कमेंट ठरलेली: "भावा, कितीला मिळेल?"

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात या प्रश्नामागे नुसती हौस नसते. पावसानंतर काळ्या रानात भरलेली ट्रॉली रुतली की चारही चाकांनी ओढणारी गाडी काय कामाची असते, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

तर उत्तर असं, की ट्रक विकत घेता येतो. पण लिलावात मिळालेला ट्रक लगेच रस्त्यावर चालवता येतोच असं नाही. पैसे अडकतात ते इथेच.

हे ट्रक येतात कुठून?

लष्कराने सेवेतून काढलेल्या गाड्यांचा लिलाव होतो. हल्ली तो प्रामुख्याने एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. लोकांच्या तोंडी मात्र अजूनही जुनाच शब्द आहे, 'डिस्पोजलची गाडी'.

यातलं सगळ्यात गाजलेलं नाव शक्तिमान. नव्वदच्या दशकातल्या पोरांना मुकेश खन्ना आठवतील, पण ट्रक त्यांच्याआधीचा. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याने तो जबलपूरला बनायचा. १९९६ला उत्पादन थांबलं आणि मालिका सुरू झाली १९९७ला. म्हणजे आज कुणी शक्तिमान विकायला काढला, तर त्यातला सगळ्यात तरुण ट्रकही तिशीच्या आसपासचा असणार. त्यानंतर लष्करात अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचे ट्रक आले.

गाडीचं वय ओळखायची एक सोपी खूण आहे. लष्करी नंबरप्लेटवर वर टोक असलेला बाण असतो. त्याच्यापुढचे दोन अंक म्हणजे गाडी लष्करात दाखल झाली ते वर्ष.

मग अडतं कुठे?

लष्कराच्या गाड्यांची नोंद आपल्या आरटीओत नसते. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ६०नुसार त्यांची नोंदणी स्वतंत्र होते. गाडी संरक्षणाच्या कामातून बाहेर पडली की ती नव्याने नोंदवावी लागते. दौंडकरांना त्यासाठी बारामतीचं एमएच-४२ कार्यालय गाठावं लागतं, शिरूरकरांना पुण्याचं एमएच-१२.

तिथे सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे फॉर्म २१. माजी लष्करी वाहनासाठी हे विक्री प्रमाणपत्र संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेलं आणि मूळ प्रत असलेलं लागतं. गाडी मध्ये दोन-तीन हातांतून फिरलेली असते, मूळ कागद हरवलेला असतो आणि मधला माणूस स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार असतो. त्या स्टॅम्प पेपरने फॉर्म २१चं काम होत नाही.

त्यात १ एप्रिल २०२३ पासून नवा नियम आला. सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि ती अधिकृत भंगार केंद्रात मोडीत काढायची असतात. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामगिरीवरची खास वाहनं यातून वगळली आहेत. म्हणून लिलावाच्या अटी ओळ न ओळ वाचाव्या लागतात. लॉट भंगार म्हणून काढला असेल, तर ती गाडी मोडण्यासाठीच विकलेली आहे.

आणि तो रीलवाला हिरवा रंग? केंद्रीय मोटार वाहन नियम १२१नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो. म्हणजे नोंदणी झाली तरी रंग बदलावा लागतोच.

"रानातच तर फिरवायचाय" हा युक्तिवाद गावोगाव ऐकू येतो. पण रानातून कारखान्याकडे जाताना शिरूर-न्हावरे-चौफुला रस्ता लागतो, नाहीतर सोलापूर हायवे. नोंदणी नसलेल्या गाडीला पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. तो परवडेल एकवेळ. पण थर्ड पार्टी विमा नसताना कुणाचा जीव गेला, तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. ती कधीकधी एकरात मोजावी लागते.

चालवताना काय सांभाळायचं?

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रकचं इंजिन बॅटरी लावून सुरू होतं आणि घेणारा खूश होतो. ब्रेककडे कुणी बघत नाही. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं, सिलिंडर आतून गंजतो, रबरी सील आणि पाइप कडक होतात. असा ब्रेक यार्डात लागतो आणि उतारावर भरल्या गाडीला दगा देतो. त्यामुळे सील, पाइप आणि ऑईल बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

फोर बाय फोर गिअर टाकून डांबरी रस्त्यावर पळवणं ही दुसरी चूक. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. मातीत ती थोडी घसरून फरक भरून काढतात, डांबरावर तो ताण थेट गिअर आणि शाफ्टवर येतो. वळणावर स्टिअरिंगही जड होतं.

हे ट्रक जमिनीपासून उंच असतात. त्यावर उसाची थप्पी चढवली की वजन आणखी वर जातं आणि वळणावर ट्रक कलंडू शकतो. जादा भार सापडला तर २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, हे वेगळंच.

सगळ्यात कमी बोललं जातं ते चाकांबद्दल. जुन्या ट्रकांची डिस्क अनेकदा तुकड्यांची असते आणि टायर लॉक रिंगने अडकवलेला असतो. रिंग गंजलेली असेल किंवा नीट बसली नसेल, तर हवा भरताना ती गोळीसारखी उडते. समोर उभा असलेला पंक्चरवाला जागीच जाऊ शकतो. चाक उतरवण्याआधी पूर्ण हवा सोडायची, भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं आणि लांब पाइप लावून बाजूला उभं राहायचं. गावातल्या दुकानात पिंजरा नसेल, तर चाक मोठ्या टायरवाल्याकडे न्यावं.

लिलावातला माल 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर विकला जातो, नंतर तक्रार चालत नाही. जाहिरातीत पाहणीच्या तारखा दिलेल्या असतात. त्या दिवशी ओळखीचा मेकॅनिक आणि टॉर्च घेऊन जावं आणि चासी नंबर घासून कागदाशी पडताळावा. बोलीचा आकडा त्यानंतर ठरवावा.