परतलेला पाऊस आणि मालगुजारी तळी

गोंदिया जिल्ह्यात अवर्षण पडते असे माणदेशातील वाचकास सांगितले, तर ते त्यास सहसा पटत नाही. कारण ज्या प्रदेशावर वर्षाकाठी बाराशे-तेराशे मिलिमीटर पर्जन्य होतो, जेथून वैनगंगा, बाघ, चुलबंद आणि गाढवी या नद्या वाहतात आणि ज्यास लोक तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखतात, तेथे पाण्यावाचून शेत करपावे ही गोष्ट त्याच्या दुष्काळाच्या कल्पनेत बसत नाही. परंतु धान वार्षिक सरासरीवर जगत नाही. मृगात टाकलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, तीन-साडेतीन आठवड्यांत बांधीत (खाचरात) लावावे लागतात. त्यासाठी चिखलणी हवी, चिखलणीसाठी बांधीत पाणी साचलेले हवे. आणि नेमक्या पुनर्वसु-पुष्याच्या दिवसांत आकाशाने पाठ फिरवली, तर पऱ्हे पिवळे पडतात, त्यांचे वय उलटते आणि मागाहून कितीही पाऊस झाला तरी त्यांना फुटवे बेताचेच येतात. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतील दुष्काळ तो हाच.

मग केव्हातरी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते, ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून ते पश्चिमेस सरकते, आणि दीर्घ खंडानंतर पाऊस परततो. त्या पहिल्या रात्री शेतकरी कुटुंबात कोणी स्वस्थ निजत नाही. घरचा कर्ता फावडे घेऊन बांधीच्या धुऱ्यांची भगदाडे बुजवावयास निघतो, कारण उन्हाने भेगाळलेल्या धुऱ्यातून आलेले पाणी तसेच निघून जाते. सकाळी नांगर किंवा ट्रॅक्टर कोणाचा मिळेल याची चौकशी सुरू होते. आणि साऱ्या गावाची रोवणी एकाच आठवड्यावर आल्यामुळे रोवणीच्या बायांसाठी घरोघर विनवण्या होतात. परतलेल्या पावसाचा हा आनंद खरा, आणि तो मी मनापासून मानतो; तथापि दोन दिवसांच्या धारेने रोवणी आटोपली तरी पुढचे तीन महिने ते रोप कोणाच्या भरवशावर उभे राहणार, हा प्रश्न पाऊस आपल्याबरोबरच घेऊन येतो.

या प्रश्नाचे उत्तर येथील कोहळी समाजाने फार पूर्वी मातीतच लिहून ठेवले आहे. इंग्रज अधिकारी रसेल याने 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथातही वैनगंगेच्या खोऱ्यातील या कास्तकारांच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची दखल घेतलेली आहे. दोन टेकड्यांमधील खिंड मातीच्या पाळीने अडवावयाची, पाणी सोडण्यासाठी तुडूम ठेवावयाचे, आणि अतिरिक्त पाणी पाळीस न फोडता वाहून जावे म्हणून एका अंगास सलंग राखावयाची, ही त्यांची रचना. पाळीखालच्या बांध्यांना पाटाने पाणी मिळे आणि एका बांधीतून ते दुसरीत उतरे. ज्यास ऐपत असेल तो स्वतःच्या शेताच्या उंच बाजूस लहानशी बोडीही खोदी. परंपरेनुसार कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगावचा बांध हा या विद्येचा मुकुटमणी होय. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगरांच्या कुशीतील तो विस्तीर्ण जलाशय पाहिला, म्हणजे यंत्रावाचून आणि अभियंत्यावाचून हे कार्य सिद्धीस नेणाऱ्या हातांविषयी मनात केवळ आदर उरतो.

इंग्रजी बंदोबस्तात गावाची मालकी सारा भरणाऱ्या मालगुजाराकडे गेली आणि तलावही त्याच्या नावे चढले. मात्र पाणी कोणी कसे घ्यावे, मासे कोणी धरावेत, यासंबंधीचे गावरिवाज वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात नोंदले जात. मालगुजारी व्यवस्थेत जुलूम नव्हता असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणणार नाही. नागपूर ही राजधानी असलेल्या तत्कालीन मध्यप्रदेशाच्या 1950 सालच्या कायद्याने ती पुढल्या वर्षी संपुष्टात आली, हे योग्यच झाले. परंतु तलाव सरकारजमा झाले, तेव्हा पाळीवर दरसाल माती टाकण्याचे, तुडूम तपासण्याचे आणि पाट साफ करण्याचे कर्तव्य मात्र कोणाच्याच पदरी नीटसे पडले नाही. पूर्व विदर्भातील असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने दप्तरात आहेत. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्य शासनाकडे, अशी विभागणी झाली. दरम्यान गाढवी नदीवर 1970 च्या सुमारास इटियाडोह धरण पूर्ण झाले आणि लोकांची दृष्टी मोठ्या कालव्यांकडे वळली.

तळ्याच्या पोटात गाळ साचला, काठास बेशरमीची झुडुपे माजली, आणि परतलेला पाऊस सलंगीवरून वाहून जाऊ लागला. या अवस्थेतून काही तळी बाहेर काढली ती अर्जुनी मोरगाव परिसरातील भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आणि त्याच्यासोबत उभ्या राहिलेल्या, मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाने, विशेषतः त्यातील स्त्रियांनी. त्यांनी नुसता गाळ उपसला नाही; बेशरम मुळासकट काढली आणि माशांना अन्न व आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती तळ्यात पुन्हा लावल्या. मासा आणि धान ही एकाच तळ्याची दोन पिके आहेत, हे ढिवराला आणि कोहळ्याला कधी सांगावे लागले नव्हते.

शासनाची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 पासून आहे आणि सुपीक गाळ शेतात पडणे हितावहच आहे. परंतु यंत्राने तळाचा घट्ट थर फोडला तर पाणी मुरून जाते, आणि गाळ काढून तुडूम मोडकेच ठेवले तर भरलेले तळेही खालच्या बांधीच्या उपयोगी पडत नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच की, तुडूम आणि सलंग यांची दुरुस्ती वैशाखात, तळ्याचे पोट कोरडे असताना व्हावी आणि तिची मंजुरी त्यापूर्वीच गावाच्या हाती पडावी. मृग लागल्यावर तळ्यात साचलेल्या पाण्यात उतरून काम करणे कोणासही शक्य होत नाही.