आधी पडदा, मग पान

२०२० च्या मार्चअखेरीस सगळं कोथरूड घरात कोंडलं गेलं तेव्हा दूरदर्शनने रामायण पुन्हा लावलं. आमच्या घरात मात्र त्याच महिन्यात आलेली ‘समांतर’ सुरू होती. तेव्हा लागलेली एक उलटी सवय अजून टिकून आहे: मालिका आधी बघायची आणि तिच्या पोटातलं पुस्तक नंतर शोधायचं. पुस्तकवाली मंडळी नाकं मुरडतात. मला हा क्रम मानवला.

‘समांतर’ सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची. सुशि म्हणजे वाचनालयांतून बांधणी खिळखिळी होईपर्यंत फिरलेला लेखक. शिष्ट वाचकांनी त्यांना ‘टाइमपास’ म्हणून केव्हाच बाजूला काढलेलं. आपलं आयुष्य सुदर्शन चक्रपाणी नावाचा कुणीतरी आधीच जगला आहे, हे कुमार महाजनला कळतं, ही कल्पनाच एवढी भक्कम की दिग्दर्शक सतीश राजवाडेंनी ती फक्त न सांडता पडद्यावर आणायची होती. ती त्यांनी आणली. दुसरा सीझन ताणलेला वाटला. कादंबरी मात्र एका बैठकीत संपली. २००३ मध्ये गेलेल्या सुशिंना हे दिवस बघायला मिळायला हवे होते.

२०२० मध्येच ‘स्कॅम १९९२’ आली. प्रतीक गांधीने हर्षद मेहता असा उभा केला की घरोघरी लोक घोटाळेबाजाच्या बाजूने बोलू लागले. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांचं पुस्तक उघडलं की ही भुरळ उतरते. तिथे हर्षद अनेकांतला एक. खरी पात्रं म्हणजे बँका, दलाल आणि बँक रिसीट नावाचे ते कागद. रुक्ष आहे, पण पैसा नेमका कुठून कुठे गेला ते पुस्तकातच कळतं.

मनात सर्वांत खोल रुतली ती मात्र २०२४ ची ‘मानवत मर्डर्स’. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते ७४ दरम्यान गुप्तधनाच्या हव्यासापायी मुली आणि बायका मारल्या गेल्या, त्या प्रकरणाची ही मालिका, तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर बेतलेली. दिग्दर्शक आशिष बेंडेंनी रक्तापेक्षा गावातली गप्प बसण्याची रीत जास्त दाखवली. सोनाली कुलकर्णीची रुक्मिणी आणि सई ताम्हणकरची समिंद्री या दोघी बहिणींचं एकमेकींशी बोलणं ऐकताना अंगावर काटा येतो. मकरंद अनासपुरे दिसला की हसायची सवय लागलेली; इथे त्याचा उत्तमराव बऱ्हाटे एकदाही हसवत नाही. दुष्काळाची ती वर्षं, नवस, अंगात येणं, सगळं ओळखीचं, म्हणून जास्त भीतीदायक.

मालिकेशिवाय वाचलेल्या पुस्तकांत नंदा खऱ्यांची ‘उद्या’ आहे. साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाल्यावर तो नाकारणारे हे लेखक. माणसांवर सतत पाळत ठेवणाऱ्या उद्याची ही कादंबरी वाचत असताना फोन मला पुढची मालिका सुचवत होता. खरे मिश्किल हसले असते.

आता वाचन बरंचसं मेट्रोत होतं. वनाजहून गरवारे कॉलेजपर्यंत दोन पानं होतात, रामवाडीपर्यंत गेलं तर एखादं प्रकरण. कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ अशीच तुकड्यातुकड्याने वाचली, आणि ती तशी वाचायची कादंबरी नव्हे. धरणामुळे उठलेलं गाव, मागे राहून रानटी झालेली म्हैस आणि तिला आणायला निघालेला देवाप्पा. या कादंबरीला २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळाला आहे, तेव्हा कुणा निर्मात्याची नजर तिच्यावर पडेलही. पडलीच तर पार्श्वसंगीत कमी ठेवा, पन्हाळ्याकडची बोली प्रमाण करू नका आणि म्हशीच्या मनातलं सांगायला निवेदक बसवू नका.