बाळाआधी बाळाचा डॉक्टर

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आपल्याकडे अजून टिकून आहे. माझी लेक पुण्यात नोकरी करते. आठवा लागला तशी मोताळ्याला आली. प्रसूतीचा दवाखाना बुलढाण्याचा ठरलेला होता. बाळाला कोण बघणार, असं मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "आधी बाळ तर होऊ दे." बाळ होण्याआधी टोपडंही शिवू नये, अशा मताच्या त्या.

पण आपण डॉक्टर निवडला नाही तरी निवड होतेच, फक्त ती दुसरं कुणीतरी करतं. तालुक्याच्या गावांतली बरीच प्रसूतिगृहं बालरोगतज्ज्ञाला बाहेरून बोलावतात. म्हणून पहिला प्रश्न मी प्रसूतीच्या डॉक्टरबाईंनाच केला: सिझर झालं, बाळ लगेच रडलं नाही, तर रात्री दोन वाजता कोण येतं आणि किती वेळात?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात 'किती वेळात' हा प्रश्न नावलौकिकापेक्षा मोठा. तेरा तालुके, त्यांतले काही घाटावर, काही घाटाखाली. मोताळ्याहून बुलढाण्याला जायचं तर राजूरचा घाट चढायचा. पावसाळी रात्री तो रस्ता कसा असतो ते ज्याचं त्याला ठाऊक. घरी आल्यावर बाळ बिघडलं तर घाट चढायचा की सपाटीनं मलकापूर गाठायचं, हे आधी ठरलेलं बरं. त्यापुढची धाव घाटाखालच्यांची बहुधा अकोल्याला, घाटावरच्यांची छत्रपती संभाजीनगरला. नवजात बाळाला ठेवायची 'पेटी' कुठे आहे, तिथं रात्री सिस्टर असते का, हेही विचारून घ्यावं.

मग डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. पाटीवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचला, नंबर लावला आणि बाकावर बसून राहिलो. खरी पारख या बाकावरच होते. कंपाउंडर प्रत्येक बाळाचे कपडे उतरवत होता, काटा शून्यावर आणत होता, मगच वजन लिहीत होता. एका आईनं "स्वेटर राहू द्या ना" म्हटलं, तरी त्यानं ऐकलं नाही. मला तो माणूस आवडला. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, साधारण दहा टक्क्यांच्या आत. दोन आठवड्यांत ते भरून निघायला हवं. तिथं स्वेटरच्या ग्रॅमांनी घोळ होतो. शेजारच्या आजी सांगत होत्या, "माह्या नातवाले तीन दिस पेटीत ठेवलं होतं, काविळीपायी. पण सायेब रोज समजावून सांगे."

भिंतीवर डब्याच्या दुधाचं एकही कॅलेंडर नव्हतं. 1992 च्या कायद्यानं अशा जाहिरातीला बंदीच आहे, तरी नजर टाकावी.

डॉक्टरांपुढे लेकीनं घुटीचा विषय काढला. ते चिडले नाहीत. "सहा महिने आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. मध तर वर्षभर नाहीच. आजींना घेऊन या, मी बोलतो," म्हणाले. जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, चोवीस तासांत काविळीची लस, बीसीजी, पोलिओ हे त्यांनी न विचारता सांगितलं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत कावीळ वाढू शकते, तेव्हा घरी सोडल्यावरही दाखवायला आणा, म्हणाले. ज्याच्याकडे प्रश्न विचारताना लेकीचा आवाज खाली जातो, तो डॉक्टर कितीही हुशार असो, मी टाळला असता.

माहेरच्या बाळंतपणात डॉक्टर दोन लागतात, हे मात्र कुणी बोलत नाही. सव्वा महिना होतो न होतो तोच सहाव्या आठवड्याचा डोस येतो, मग दहाव्याचा. चौदाव्याला लेक पुण्यात असेल. सरकारी आणि खासगी डोसात फरक असतो, म्हणून कार्डावर लसीचं नाव आणि तारीख नीट लिहून घ्यायची, आणि पुण्याच्या डॉक्टरांचा शोध जावयानं आत्ताच घ्यायचा.

आशाताईला माहेरी बाळंतपण आहे हे आधी सांगून ठेवा. दवाखान्यात प्रसूती झाली तर तिनं 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यायचं असतं. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. 102 आणि 108 हे दोन्ही नंबर कार्डाच्या पाठीवर लिहा.