पूल पुढे सरकतो तेव्हा

एखाद्या अभियांत्रिकी कंपनीला पुलासाठी पुरस्कार मिळाला की वर्तमानपत्रात पूर्ण झालेल्या पुलाचे छायाचित्र येते. पण पुलाच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ त्याआधीच संपलेला असतो. कॅनडातील क्विबेकचा पूल १९०७ साली कोसळला, तेव्हा तो अर्धवटच बांधून झाला होता आणि त्याचा एक हात नदीवर अधांतरी पुढे आलेला होता. गाळ्याची लांबी वाढवली गेली होती, वजनाचा हिशेब मात्र वेळेवर नव्याने झाला नव्हता. त्यात ७५ कामगार मृत्युमुखी पडले.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून दक्षिण फ्रान्समधील मियो शहराजवळचा पूल पाहू. एफाज या कंपनीने बांधलेला हा २४६० मीटर लांबीचा पूल डिसेंबर २००४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मूळ कल्पना अभियंता मिशेल व्हिर्लोजो यांची, वास्तुरचना नॉर्मन फॉस्टर यांची. २००६ साली आयएबीएसई या पूल-बांधकाम अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला उत्कृष्ट बांधकामाचा पुरस्कार दिला. त्याचा सर्वांत उंच खांब २४५ मीटरचा आहे. तीन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी त्याच्याएवढे होणार नाहीत!

एवढ्या उंचीवर ३६,००० टन पोलादी रस्ता चढवायचा कसा? तो चढवलाच नाही. दरीच्या दोन्ही काठांवर, जमिनीवरच तो जोडत गेले आणि खांबांच्या माथ्यांवरून पुढे सरकवत नेला. दक्षिणेकडून १७४३ मीटर, उत्तरेकडून ७१७ मीटर. खांबांवर पाचरीसारखे सरकते ठोकळे होते. ते रस्ता किंचित उचलत, ६० सेंटिमीटर पुढे नेत, खाली ठेवत आणि मागे येत. पुन्हा तेच. या पद्धतीत जोडणीचे बहुतेक काम पायांखाली जमीन असताना होते, हा आम्हांला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

अडचण कुठे येते हे वर्गात दाखवता येईल. कार्डशीटची ३० सेंटिमीटर लांब पट्टी टेबलावर ठेवा, मागचे टोक दाबून धरा आणि पुढचे टोक कडेबाहेर १० सेंटिमीटर काढा. मग २० सेंटिमीटर काढा. लोंबणारे वजन दुप्पट झाले, शिवाय त्या वजनाच्या मध्याचे कडेपासूनचे अंतरही दुप्पट झाले. म्हणून कडेपाशी पट्टीला वाकवणारा आघूर्ण चौपट होतो. वाक तर त्याहूनही कितीतरी अधिक दिसतो.

मियोच्या मोठ्या गाळ्यांची लांबी ३४२ मीटर आहे. तेवढा रस्ता अधांतरी पुढे नेणे परवडणारे नव्हते. म्हणून गाळ्यांच्या मध्ये तात्पुरते पोलादी मनोरे उभारले. अंतर निम्मे, म्हणजे १७१ मीटर झाले आणि आघूर्ण चौथ्या हिश्शावर आला. तार्न नदीवरच्या गाळ्यात असा मनोरा नव्हता. पण तिथे दोन्ही बाजूंची टोके समोरासमोर येत असल्याने प्रत्येकाला निम्माच गाळा ओलांडायचा होता. शिवाय पुढच्या टोकाजवळ एक मनोरा रस्त्यावरच उभा करून, त्याच्या तिरप्या पोलादी दोरांनी ते टोक वर ओढून धरले होते. २८ मे २००४ रोजी दोन्ही टोके जुळली.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. खांबावर असलेल्या भागाचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो, गाळ्याच्या मध्यावर खालचा. पूल जागेवर स्थिर झाल्यावर कोणत्या भागाला काय सोसायचे हे बरेचसे ठरलेले असते. सरकताना मात्र आता खांबावर असलेला भाग थोड्या वेळाने गाळ्याच्या मध्यावर येतो. म्हणून पुलाचा जवळजवळ प्रत्येक भाग दोन्ही ताणांना पुरेल असा बनवावा लागतो.

कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळ पानवल नदीवर बांधलेला ६४ मीटर उंचीचा पूल असाच ढकलत नेलेला आहे. तो मात्र काँक्रीटचा आहे आणि काँक्रीट दाबाला पक्के असले तरी ताणाला कच्चे! त्यावर उपाय म्हणजे काँक्रीटमधून नेलेल्या पोलादी तारा जोराने ओढून बांधणे. मग सगळे काँक्रीट आधीपासूनच दाबाखाली राहते. सरकताना वर किंवा खाली ताण आला, तरी तो आधी हा दाब कमी करण्यातच खर्ची पडतो.