पडद्यावरचा गुन्हा – ५ : कोळसा, बर्फ आणि चामड्याचा कोट

‘ब्लॅक कोल, थिन आइस’ हा दियाओ यिनान यांचा २०१४ सालचा मँडरिन चित्रपट. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ आणि ‘बॉयहुड’ स्पर्धेत असताना ‘गोल्डन बेअर’ हा सर्वोच्च मान या रहस्यपटाला मिळाला. नायक झालेले लियाओ फान सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले.

कथा चीनच्या ईशान्य टोकाच्या हेइलोंगजियांग प्रांतातली. १९९९ च्या उन्हाळ्यात एका प्रेताचे तुकडे प्रांतातल्या निरनिराळ्या ठिकाणच्या कोळशात सापडतात. ओळखपत्रावरून मृत माणूस म्हणजे कोळशाच्या वजनकाट्यावरचा कामगार लियांग झिजुन, असे पोलीस ठरवतात. तपास करणारा झांग झिली नुकताच घटस्फोटातून बाहेर पडलेला असतो.

संशयितांना केशकर्तनालयात पकडण्याचा प्रसंग मुद्दाम पाहावा असा आहे. कॅमेरा लांब उभा, जवळजवळ निश्चल. झटापट संपते, संशयित ताब्यात येतात, पोलीस सैलावतात आणि नेमक्या त्याच वेळी एकाच्या हाती पिस्तूल लागते. काही क्षणांत दोन पोलीस आणि संशयित मरून पडलेले असतात. संगीताचा इशारा नाही, चेहऱ्यांची जवळून दृश्ये नाहीत. एरवी चित्रपट ज्या घटनेला फुगवून दाखवतात ती इथे अपघातासारखी घडते, म्हणूनच ती अंगावर येते.

पुढची पाच वर्षे दियाओ एका बोगद्यात उरकतात. गाडी बोगद्यातून बाहेर पडते ती २००४ च्या बर्फात, आणि रस्त्याकडेला मोटरसायकलपाशी झांग दारू पिऊन पडलेला दिसतो. केशकर्तनालयातल्या त्या गोळीबारात जखमी झालेल्या झांगची पोलिसातली नोकरी गेली आहे. आता तो कारखान्यात सुरक्षारक्षक आहे. जुन्या सहकाऱ्याकडून त्याला कळते, की आणखी दोन खून झालेत, कापलेल्या पायांत बर्फावरचे स्केट होते आणि दोघांचाही वू झिझेन या स्त्रीशी संबंध होता. लियांगची ही विधवा कपडे धुण्याच्या दुकानात काम करते.

झांग तिच्या मागावर जातो आणि तिच्यात गुंततो. रात्री उघड्या बर्फमैदानावर वॉल्ट्झच्या तालावर लोक घसरत असताना ती रिंगण सोडून अंधारातल्या बर्फवाटेने निघते. तो धडपडत मागे जातो. सावज कोण आणि शिकारी कोण, हे या दृश्यात ठरवता येत नाही.

उलगडा होतो तो एका चामड्याच्या कोटापाशी. दुकानात तो कोट तिच्या हातून खराब झाला होता. कोटाच्या मालकाने मागितलेली भरपाई तिच्या आवाक्याबाहेरची, म्हणून तो तिच्या शरीरावर हक्क सांगू लागला आणि अखेर तिच्या हातून मारला गेला. नवऱ्याने तुकडे पुलावरून कोळशाच्या मालगाड्यांत टाकले आणि स्वतः मेल्याचे भासवले. एका कामगार स्त्रीच्या अंगावर पडलेले कर्ज, इतकेच या साऱ्या रक्तपाताचे मूळ. चित्रपटाची खरी ताकद खुनी शोधण्यापेक्षा या कारणात आहे.

दियाओ १९६९ साली शिआनमध्ये जन्मले आणि बीजिंगच्या मध्यवर्ती नाट्य अकादमीत शिकले. पटकथालेखक म्हणून झांग यांग यांच्या ‘शॉवर’सारख्या चित्रपटांवर त्यांनी काम केले. ‘युनिफॉर्म’ (२००३) आणि ‘नाइट ट्रेन’ (२००७) हे त्यांचे आधीचे चित्रपट. दोन्हींत सरकारी गणवेशातली एकाकी माणसे आहेत, त्यामुळे झांग झिलीची मुळे तिथे सापडतात. या चित्रपटाच्या निर्मात्या व्हिव्हियन चू स्वतः दिग्दर्शिकाही आहेत. वूची भूमिका तैवानच्या ग्वे लुन-मेई यांनी अत्यंत कमी शब्दांत उभी केली. दुकानाचे मालक झालेले वांग जिंगचुन यांनाही पुढे २०१९ साली बर्लिनमध्ये अभिनयाचा पुरस्कार मिळाला. छायाचित्रकार डोंग जिंगसोंग यांनी निऑनचा पिवळा-हिरवा उजेड बर्फावर असा पाडला आहे, की स्वच्छ बर्फही आजारी वाटतो.

मार्च २०१४ मध्ये चीनमध्ये प्रदर्शित झाल्यावर या चित्रपटाने १० कोटी युआनचा टप्पा ओलांडला. महोत्सवी चित्रपटासाठी ही कमाई मोठीच. दियाओ, डोंग, लियाओ आणि ग्वे ही मंडळी पुन्हा एकत्र आली ती ‘द वाइल्ड गूज लेक’ (२०१९) साठी. तो कानच्या मुख्य स्पर्धेत होता.