मांजर दूध-भातावर जगत नाही, उंदरावर जगतं! घरातल्या मांजराला नेमकं काय खायला द्यावं?

खालापूर : घरात जेवायला बसलं की मांजर पायाशी घोटाळायला लागतं. मग पानातला उरलेला भात, त्यावर दुधाची धार, नाहीतर तांदळाच्या भाकरीचा कुस्करा त्याच्यापुढे टाकला जातो. खालापूर-कर्जतच्या गावागावांत मांजराचं जेवण म्हणजे बहुतेक घरी हेच. ‘आजीच्या काळापासून मांजरं दूध-भातच खातायत, काय झालं त्यांना?’ असं कोणीही विचारेल. प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर मांजराच्या ताटलीत नाही, भाताच्या कणगीमागे आहे.

गावात मोकळं फिरणारं मांजर दिवसा घरात दूध-भात खातं आणि रात्री कणगीमागे, गोठ्यात, बांधावर उंदीर मारतं. पाली, टोळ, पाखरं, पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे वलगणीचे मासे, असं मिळेल ते खातं. त्याला खरं पोसतो तो हा रात्रीचा शिकारीचा माल. घरचा भात म्हणजे नुसता पोटाला आधार.

आता दिवस बदललेत. स्लॅबची घरं झाली, घरात भात साठवणं कमी झालं. खोपोली, चौक, मोहोपाडा, नेरळ, कर्जत इथल्या सोसायट्यांत तर मांजर दाराबाहेरच पडत नाही. काही जण गाड्यांच्या आणि कुत्र्यांच्या भीतीने मांजर कायम घरात ठेवतात, तेही चुकीचं नाही. पण अशा मांजराचा उंदीर बंद झाला आणि दूध-भात तेवढा राहिला. उंदरातून जे मिळत होतं ते आता वाटीतून मिळालं पाहिजे. मांजराचं खाणं निवडताना एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं.

मांजर कुत्र्यासारखं नाही

कुत्रा भाकरी, भात, मटण सगळ्यावर निभावून नेतो. मांजराचं तसं नाही. त्याचं शरीर पूर्णपणे मांसाहारावर चालतं. काही घटक ते स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाही, ते तयार स्वरूपात मांसातूनच घ्यावे लागतात.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा घटक म्हणजे टॉरिन. तो मांस, मासे, काळीज यांत असतो. भात, भाकरी, डाळ, भाजीत नसतो आणि गाईच्या दुधात अगदी नावापुरता असतो. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक गोष्ट दाखवून दिली. मांस न देता दुधातल्या प्रोटीनवर, म्हणजे केसिनवर, ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेला आणि त्यामागे टॉरिनची कमतरता होती. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डॉ. पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदयही कमजोर होतं, आणि वेळेत टॉरिन दिलं तर ते सुधारू शकतं. त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या तयार खाण्यातलं टॉरिन वाढवलं.

हे नुकसान एका दिवसात होत नाही, महिनोन्महिने हळूहळू होतं. म्हणून घरच्यांना कळत नाही. मांजर दिसायला गुबगुबीत असतं, पण आतून कमजोर होत जातं. हृदय सुधारण्याची शक्यता असते, पण डोळ्यांची गेलेली नजर परत येत नाही.

दुसरी गोष्ट व्हिटॅमिन ए. माणूस गाजर-भोपळ्यातून ते मिळवतो. मांजराच्या शरीराला ते जमत नाही, त्याला ते प्राण्यांच्या खाण्यातूनच हवं असतं.

दुधाचं काय?

मांजराला दूध आवडतं, हे खरं. पण पचतं असं नाही. पिल्लू आईचं दूध सोडतं तसं दुधातली साखर पचवण्याची ताकद बहुतेक मांजरांत कमी होते. मग पातळ जुलाब होतात, पोटात वायू धरतो. एखाद्या मांजराला चमचा-दोन चमचे दूध दिलं आणि काही त्रास झाला नाही, तर हरकत नाही. पण दूध हे जेवण नाही, आणि पाण्याच्या जागी तर मुळीच नाही.

घरचं खाणं द्यायचं तर कसं?

महागडं काही लागत नाही. गावोगावी चिकनची दुकानं आहेत. तिथे काळीज, पोटा, मुंडी, पाय हा माल मांसापेक्षा स्वस्तात मिळतो.

– कोंबडीचं हृदय आणि तंगडीचं मांस यांत टॉरिन चांगलं असतं. छातीच्या पांढऱ्या मांसात त्यापेक्षा कमी.

– मांस बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडावं. उकडलेलं पाणी फेकू नये, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरतं. तेच पाणी खाण्यात कालवून द्यावं.

– कलेजी पौष्टिक, पण रोज नको. आठवड्यातून एक-दोनदा छोटा तुकडा पुरे. रोज दिली तर व्हिटॅमिन ए जास्त होऊन हाडांचा त्रास होतो.

– शिजवलेली हाडं देऊ नयेत. त्यांचे अणकुचीदार तुकडे घशात, आतड्यात अडकतात. माशाचे मोठे काटेही काढून टाकावेत.

– उकडलेलं अंडं चालतं. कच्चं नको.

– भात द्यायचाच तर मांसात मुठीऐवजी चमचाभर.

घरी चिकन-मासे शिजतात तेव्हा एक सवय लावून घ्यावी. वाटण घालण्याआधीच मांजराचे दोन तुकडे बाजूला काढावेत. रस्सा-भात मांजराला घालणं धोक्याचं आहे, कारण त्यात कांदा आणि लसूण असतो. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला, पावडर केलेला, कुठलाही कांदा वाईटच.

सुकी मासळी चालते का?

कार्तिकात साजगाव-ताकईच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेतून सुकी मासळी घरोघरी येते. पुढे पावसाळाभर तीच पुरते, आणि मांजराचा डोळाही तिच्यावरच असतो. उन्हात वाळवलेले बोंबील किंवा जवळा अधूनमधून द्यायला हरकत नाही. मात्र आधी पाण्यात भिजत घालावा, ते खारट पाणी ओतून टाकावं, मग उकडून थोडा द्यावा. मीठ लावलेली खारी मासळी देऊच नये. पावसात बुरशी धरलेली, कुबट वास येणारी सुकट ‘मांजराला चालेल’ म्हणून टाकू नये. जी माणसाला चालत नाही ती मांजरालाही चालत नाही.

ताजे मासे उकडून द्यावेत. काही कच्च्या माशांत व्हिटॅमिन बी-१ नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो. आणि रोज नुसते मासेच नकोत, आलटून पालटून चिकन, अंडं द्यावं.

नुसतं मांसही पूर्ण जेवण नाही

इथे बरेच जण चुकतात. उंदीर खाताना मांजर त्याची हाडंसुद्धा खातं, त्यातून कॅल्शियम मिळतं. आपण बिनहाडाचं मांसच देत राहिलो तर कॅल्शियम कमी पडतं. वाढत्या पिल्लांची हाडं यामुळे ठिसूळ होतात, लंगडतात, साध्या उडीनेही मोडतात. म्हणून निदान अर्धा आहार तरी मांजरासाठी बनवलेल्या तयार खाण्याचा असावा, हा सोपा मार्ग. पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर कॅल्शियम किती आणि कसं घालायचं ते पशुवैद्यकांना विचारून ठरवावं.

पाकीट घेताना काय बघायचं?

पाकिटावरच्या गोंडस मांजराचा फोटो बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

– ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं लिहिलेलं असेल तर ते पूर्ण जेवण. ‘ट्रीट’ किंवा ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर तो नुसता खाऊ. चाटायला मिळणाऱ्या छोट्या पुड्या या दुसऱ्या प्रकारात येतात, त्यांवर मांजर ठेवू नये.

– सुक्या खाण्यात प्रोटीन मोठ्या मांजरासाठी निदान २६ टक्के आणि पिल्लासाठी ३० टक्के असावं. घटकांच्या यादीत टॉरिनचं नाव असावं आणि चिकन, मासे यांचं नाव वरच्या ओळीत असावं. यादीत जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहिलेलं असतं.

– एक वर्षाखालच्या पिल्लाला ‘किटन’ लिहिलेलंच खाणं. गाभण आणि पाजणाऱ्या मांजरीलाही तेच चालतं.

– कुत्र्याचं खाणं स्वस्त पडतं म्हणून मांजराला देऊ नये. त्यात मांजराच्या गरजेएवढं प्रोटीन आणि टॉरिन असेलच असं नाही.

– सुटं विकलं जाणारं खाणं टाळावं. त्याची तारीख कळत नाही, आणि पावसाळ्यात ते खवट होतं. पाकीट उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं.

खर्चाचा हिशेब असा करा. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम सुकं खाणं पुरतं. म्हणजे एक किलोचं पाकीट सोळा ते वीस दिवस जातं. अर्धं पाकिटातलं, अर्धं उकडलेलं चिकन असं केलं तर दिवसाला २५-३० ग्रॅम सुकं खाणं आणि ६०-७० ग्रॅम बिनहाडाचं मांस. नवीन खाणं एकदम सुरू करू नये. जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावं.

घरात माळ आहे, मग?

तालुक्यात माळकरी घरं पुष्कळ. घरात मांस-मच्छी शिजत नाही आणि मांजर तर लाडकं, अशी अडचण होते. माणूस माळ घालू शकतो, मांजराच्या शरीराला ते झेपत नाही. दूध-भात आणि पनीरवर मांजर घरात कोंडून ठेवणं म्हणजे नकळत त्याला आजारी पाडणं. अशा घरांत तयार खाण्याचं पाकीट हाच बरा मार्ग. शिजवावं लागत नाही, डबा आणि वाटी पडवीत वेगळी ठेवता येते, स्वयंपाकघराला हात लागत नाही.

पाणी आणि बोके

उंदराच्या शरीरात बरंचसं पाणीच असतं, त्यामुळे शिकार करणारं मांजर पाणी कमी पितं. सुकं खाणं खाणाऱ्या मांजराला मात्र पाणी जास्त लागतं. घरात दोन-तीन ठिकाणी स्वच्छ पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, खाण्यात थोडं पाणी कालवावं. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर मार्ग अडकलेला असू शकतो. त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठावा.

खाण्याला मुंग्या लागत असतील तर वाटी पाणी घातलेल्या परातीत ठेवावी. ओलं खाणं तास-दोन तासांत संपलं नाही तर उचलून टाकावं.

आई नसलेली पिल्लं

गोणपाटात सोडून दिलेली पिल्लं पावसात सापडतात आणि घरातली मुलं त्यांना गाईचं दूध पाजतात. मांजरीच्या दुधात प्रोटीन आणि चरबी गाईच्या दुधापेक्षा जास्त असते. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब लागतात आणि ती दगावतात. पिल्लांसाठी दुधाची वेगळी पावडर मिळते, ती आणावी. आधी पिल्लू उबेला ठेवावं, गार पडलेल्या पिल्लाला काहीही पाजू नये. पाजताना त्याला पालथं धरावं, उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. चार आठवड्यांनंतर भिजवलेलं किटन खाणं सुरू करता येतं.

हे कधीच नको

कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, चहा-कॉफी, दारू. आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे पॅरासिटामॉल. ताप आला म्हणून माणसाची ‘तापाची गोळी’ मांजराला दिली जाते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, तिचा तुकडासुद्धा, मांजराचा जीव घेऊ शकतो.

उंदरांसाठी विष टाकताना आजूबाजूच्या घरांना सांगावं. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही मरतं, आणि उंदीर मारणारा हक्काचा शिपाई जातो. शिकार करणाऱ्या मांजराला जंताचं औषध वेळोवेळी द्यावं, आणि रेबीजची लस प्रत्येक मांजराला द्यावी.

डॉक्टरकडे कधी न्यायचं?

मोठ्या मांजराने २४ तास काही खाल्लं नाही किंवा पिल्लाने अर्धा दिवस खाल्लं नाही तर दाखवावं. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरमध्ये चरबी साठते आणि दुखणं वाढतं. अंधारात धडपडणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहणं, थोड्या हालचालीने धाप लागणं ही लक्षणंही अंगावर काढू नयेत. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, किंवा पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मोठ्या तपासण्यांसाठी मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या लोकांचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’.

मांजर पोटभर खातंय की नाही हे हाताने बघता येतं. पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना दिसता कामा नयेत. आणि आज रात्री पानातला दूध-भात त्याच्यापुढे टाकण्याआधी एकदा विचार करा, या मांजराला शेवटचा उंदीर कधी मिळाला होता?